पूर्ण आणि सफल : विकासयोजनांच्या तर्कचौकटीची कथा



आपल्या भाषेत ‘पूर्ण’ आणि ‘सफल’ असे दोन निराळे शब्द आहेत. व्रताचे उद्यापन झाले की व्रत पूर्ण झाले असे आपण म्हणतो. ते सफल झाले की नाही, हा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा फार उशिरा मिळते. घरात आपण हा भेद विसरत नाही. सार्वजनिक कामात मात्र तो सहज विसरला जातो. विहीर बांधून झाली, कोनशिलेवरचा पडदा दूर झाला, खर्चाचा मेळ बसला, की योजना ‘सफल’ म्हणून अहवालात नोंदली जाते. विहिरीला पाणी किती लागले, ते कोणाच्या घागरीत गेले, आणि त्यामुळे गावातील रोगराई हटली की नाही, हे विचारणारा रकाना पुष्कळ दिवस अहवालाच्या नमुन्यात नव्हता. तो रकाना कसा आला, कोणी आणला, आणि आल्यानंतर त्याचे काय झाले, ही आजची कथा आहे.

विषयाचे नाव रुक्ष आहे. इंग्रजीतून ते ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ असे आले. कामावरची माणसे त्याला नुसते ‘लॉगफ्रेम’ म्हणतात. आपण त्याला तर्कचौकट म्हणू. ही चौकट म्हणजे एका कागदावर आखलेले सोळा घरांचे कोष्टक. सोळा घरांच्या कोष्टकाचा इतिहास तो काय सांगायचा, असे आपणांस वाटेल. पण हे कोष्टक ज्या चुकांतून जन्मले त्या चुकांची किंमत कोट्यवधींत मोजावी लागली आहे, आणि ती देणारे लोक त्या चुका करणारे नव्हते. म्हणून आरंभ कोष्टकापासून न करता भुईमुगापासून करतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये तेलातुपाची मोठी टंचाई होती. लोणी, मार्गारीन, स्वयंपाकाची चरबी, सारे शिधापत्रिकेवर मिळत असे. अशा वेळी, १९४६ साली, युनायटेड आफ्रिका कंपनीचे एक चालक फ्रँक सॅम्युएल ह्यांनी मजूर पक्षाच्या सरकारपुढे एक कल्पना मांडली. पूर्व आफ्रिकेत विस्तीर्ण रान ओस पडले आहे. ते यंत्रांनी साफ करावे आणि तेथे भुईमूग पिकवावा. जॉन वेकफील्ड ह्यांच्या नेतृत्वाखाली तिघांचे पथक पाहणीस गेले आणि काही आठवड्यांतच अनुकूल अभिप्राय घेऊन परतले. फेब्रुवारी १९४७ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. तीत एकंदर ३२ लाख १० हजार एकर जमीन लागवडीखाली आणण्याचे, त्यासाठी सुमारे अडीच कोटी पौंड खर्चण्याचे आणि पुढे दरसाल सहा लाख टन शेंगा काढण्याचे योजिले होते. त्यातील बहुतेक जमीन टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर होती. अन्नमंत्री जॉन स्ट्रेची ह्यांनी ह्या योजनेमागे आपले सारे वजन खर्च केले.

पहिला तळ कोंग्वा ह्या ठिकाणी पडला. तेथील झुडपांचे रान दाट, मुळे चिवट. गोरखचिंचेची अजस्र झाडे हटता हटेनात. युद्धातून उरलेली जुनी ट्रॅक्टरे आणली होती, ती एकामागून एक मोडून पडली. रणगाड्यांचे रूपांतर करून ट्रॅक्टर बनविले, त्यांनीही हात टेकले. दारेसलामचे बंदर लहान, रेल्वे एकेरी. सुटे भाग वाटेतच अडकून पडत. पहिल्या वर्षी दीड लाख एकर साफ करावयाचे होते. लागवड जेमतेम साडेसात हजार एकरांवर झाली.

इथपर्यंतच्या अडचणी यंत्रांच्या होत्या. खरी गाठ पुढेच होती. आपल्याकडचा कोणीही शेतकरी सांगेल की भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते, पण शेंग जमिनीत धरते. फुलानंतर आऱ्या सुटतात आणि मातीत शिरतात; म्हणून ह्या पिकाला भुसभुशीत जमीन लागते. कोंग्व्याची माती पावसात मऊ असे, आणि पाऊस सरला की उन्हात भाजून विटेसारखी घट्ट होई. धरलेल्या शेंगा उपटून काढणेही मुष्किलीचे होऊन बसले. तशात पाऊसही भरवशाचा नव्हता. त्या प्रदेशातील गोगो लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखून आणि बेताची कोरडवाहू शेती करून राहत आले होते, ते काही आळसाने नव्हे. रान ओस दिसत होते, कारण तेथे पावसाचा नेम नव्हता. जानेवारी १९५१ मध्ये सरकारने योजना गुंडाळली. सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडीत खाती टाकावे लागले.

ह्या योजनेत आकडे नव्हते असे नाही. आकडे तर भरपूर होते. किती एकर, किती ट्रॅक्टर, किती पौंड, किती टन, सगळे लिहिलेले होते. लिहिलेले नव्हते ते एवढेच की, हे सारे घडण्यासाठी आणखी काय काय खरे असावे लागेल. ‘पाऊस पुरेसा पडेल’, ‘काढणीच्या वेळी माती मऊ राहील’, ही वाक्ये योजनेच्या पायाखाली होती. परंतु ती वर काढून, कसोटीला लावून, त्यांचे उत्तर पदरात पडेपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हते.

ही चूक केवळ परक्यांची असे मानून आपण समाधान मानू नये. पुण्यापासून जवळच, नीरेच्या खोऱ्यात, आपण तीच गोष्ट पाहिली आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. हेतू दुष्काळनिवारणाचा. पुढे त्या पाण्यावर ऊस फोफावला, आणि त्यामागोमाग चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे ह्यांनी ह्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी दिले की पीक वाढेल, हे खरे. पण जादा पाण्याचा निचरा होत असेल तर! तो ‘तर’ आधी कोणी मांडला नव्हता. पुढे धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्था ह्यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून १९४८ साली अहवाल काढला, तेव्हा त्यांनी निराळा प्रश्न विचारला : कालव्याच्या पाणीपट्टीतून सरकारला काय मिळाले एवढेच न पाहता, त्या प्रदेशातील शेती, मजुरी, व्यापार ह्यांत प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ किती झाला? कालवा ‘पूर्ण’ झाला होता. तो ‘सफल’ झाला का, हे मोजण्याचा हा फार मोठा प्रयत्न होता.

स्वतंत्र भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ समाजविकास प्रकल्प सुरू झाले. त्याच महिन्यात नियोजन मंडळाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभारली, आणि तिचे पहिले संचालक झाले पुण्याचे प्राचार्य द. गो. कर्वे. काम करणारा आणि कामाची परीक्षा करणारा हे दोघे वेगळे असावेत, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली जे निदान केले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे : ह्या योजनांनी गावकऱ्यांची स्वतःची उमेद जागी केली नाही. लोक साथ देतील हे योजनेने धरून चालले होते. साथ कशी मिळेल, ह्याची व्यवस्था तीत नव्हती.

आता वॉशिंग्टनकडे वळू, कारण चौकटीचा जन्म तेथला आहे. व्यवस्थापनशास्त्राचे लेखक पीटर ड्रकर ह्यांनी १९५४ साली, वरिष्ठ आणि कनिष्ठ ह्यांनी उद्दिष्टे आधी ठरवून मग काम करावे, हा विचार रूढ केला. १९६१ पासून संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा ह्यांनी आपल्या खात्यात खर्चाची सांगड उद्दिष्टांशी घातली, आणि १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी तीच पद्धत इतर खात्यांना लागू केली. अशा वातावरणात अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने १९६९ साली लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून आपल्या मूल्यमापनाची तपासणी करून घेतली. परदेशांत चाललेल्या ह्या संस्थेच्या प्रकल्पांत त्यांना तीन दोष आढळले.

पहिला दोष असा की, योजना मोघम होत्या. प्रकल्प यशस्वी झाला तर तो कसा दिसेल, ह्याचे स्पष्ट चित्र कोणापाशीच नव्हते. दुसरा, जबाबदारी कोणाची ते ठरलेले नव्हते. प्रकल्पावरचा अधिकारी म्हणे, पाऊस माझ्या हाती नाही, बाजारभाव माझ्या हाती नाही, मग परिणामाला मी कसा जबाबदार? आणि तिसरा दोष, मूल्यमापन म्हणजे भांडण होऊन बसले होते. काय साधायचे हेच आधी ठरले नसल्यामुळे परीक्षक आपल्या मर्जीने गुण देई, आणि परीक्षार्थी त्याला शत्रू समजे. ह्या तिन्ही दोषांवर एक उपाय म्हणून त्यांनी ते कोष्टक आखले, आणि पुढील एकदोन वर्षांत ते त्या संस्थेच्या बहुतेक देशांतील कामात वापरात आले.

कोष्टकात आडव्या ओळी चार. सर्वांत खाली सामग्री, म्हणजे पैसा, माणसे, यंत्रे. तिच्यावर फलित, म्हणजे त्या सामग्रीतून प्रत्यक्ष उभे राहील ते. त्यावर उद्देश, म्हणजे त्या फलितामुळे लोकांच्या स्थितीत जो फरक पडावा तो. आणि सर्वांत वर ध्येय, म्हणजे ज्या मोठ्या कल्याणाला हा उद्देश हातभार लावील ते. उभे रकाने चार. पहिल्यात काय करायचे ते शब्दांत; दुसऱ्यात ते झाले हे ओळखण्याची मोजता येणारी खूण; तिसऱ्यात त्या खुणेचा पुरावा कोठे मिळेल ते; आणि चौथ्यात, जे आपल्या हाती नाही पण ज्याच्यावाचून काम तडीस जाणार नाही, अशा गृहीत गोष्टी.

हे कोष्टक खालून वर वाचायचे असते. सामग्री आली, आणि त्या ओळीतील गृहीते खरी ठरली, तर फलित हाती येईल. फलित हाती आले, आणि तेथील गृहीते खरी ठरली, तर उद्देश साधेल. भुईमुगाची योजना ह्या घरांत मांडून पाहा. सामग्री : ट्रॅक्टर आणि पैसा. फलित : साफ केलेली आणि पेरलेली जमीन. उद्देश : दरसाल सहा लाख टन शेंगा. ध्येय : ब्रिटनची टंचाई दूर करणे आणि वसाहतीची भरभराट. पहिले तीन रकाने श्वेतपत्रिकेतून सहज भरता येतात. आता चौथा भरायला बसा. फलित आणि उद्देश ह्यांच्यामध्ये लिहावे लागते, ‘पाऊस पुरेसा पडेल, माती काढणीपर्यंत मऊ राहील.’ हे लिहिल्याबरोबर कोणी तरी विचारणारच, हे कशावरून? आणि मग आधी गोगो लोकांना विचारा, शंभर एकरांवर दोनतीन वर्षे पेरून पाहा, असे म्हणावे लागते.

ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या नैयायिकांनी तिचे मर्म फार पूर्वी ओळखले होते. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान बरोबर. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, हे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओले असावे लागते. ह्या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटले आणि उपाधी न शोधता केलेले अनुमान दुष्ट ठरविले. तर्कचौकटीचा चौथा रकाना म्हणजे योजनेतील उपाधी शोधण्याची जागा. माझ्या मते साऱ्या चौकटीचा प्राण त्या रकान्यात आहे. बाकीचे तीन रकाने चांगला कारकूनही भरील; चौथा भरायला मात्र जमिनीवर उतरावे लागते. तो प्रामाणिकपणे भरला तर अधिकाऱ्याची जबाबदारीही न्याय्य ठरते. आपल्या हातचे होते ते त्याने केले की नाही हे विचारता येते, आणि हाताबाहेरचे बिघडले तर त्याने वेळीच सांगितले की नाही हेही विचारता येते.

पुढे ही चौकट देशोदेशी गेली. कॅनडाने ती १९७० नंतरच्या दशकात उचलली. पश्चिम जर्मनीच्या तांत्रिक साहाय्य संस्थेने १९८० नंतर तिला नवे रूप दिले. तेथे चौकट एकट्या अधिकाऱ्याने भरायची नव्हती. प्रकल्पाशी संबंध असलेली माणसे एका खोलीत बसत, प्रत्येक जण आपली अडचण कार्डावर लिही, ती कार्डे फलकावर टाचली जात, आणि त्यांतून अडचणींचा एक वृक्ष उभा राही : मुळाशी कारणे, शेंड्याला परिणाम. मग तोच वृक्ष उलटवून उद्दिष्टांचा वृक्ष करीत. ह्या पद्धतीला जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून ‘झॉप’ म्हणत. १९९० नंतर युरोपीय समुदायानेही चौकट स्वीकारली, आणि परदेशी निधी घेणाऱ्या आपल्याकडील स्वयंसेवी संस्थांच्या मेजावरही ती येऊन पोहोचली.

प्रसाराबरोबर ऱ्हासही आला. जी वस्तू विचार करण्यासाठी होती ती अर्जासोबत जोडण्याची झाली. हेग येथील सामाजिक अभ्यास संस्थेतील डेस गॅस्पर ह्यांनी ह्या ऱ्हासाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली, तर्कावाचून चौकट : योजना आधीच ठरलेली असते, चौकट मागाहून देणगीदारासाठी भरली जाते. दुसरी, उणी चौकट : एका कागदावर मावेना म्हणून महत्त्वाचेच गाळले जाते. तिसरी, कुलूपबंद चौकट : एकदा भरलेले आकडे बदलायचे नाहीत, मग जमिनीवर काहीही आढळो. जर्मन संस्थेलाही हे जाणवले, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिने आपली सक्ती सैल केली.

ह्या तिन्ही दोषांची शिकार प्रथम चौथा रकाना होतो. तेथे ठरावीक वाक्ये येऊन बसतात : ‘राजकीय स्थैर्य राहील’, ‘पर्जन्यमान समाधानकारक असेल’, ‘लोकांचे सहकार्य मिळेल’. ह्यांपैकी शेवटचे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. पाऊस आपल्या हाती नाही, म्हणून तो गृहीतांत लिहिणे समजू शकते. लोकांचे सहकार्य ही मात्र आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. ते मिळविणे हेच योजनेचे काम आहे. ते गृहीतांत ढकलले की अपयशाचा दोष आपोआप लोकांच्या माथी जातो. ‘आम्ही सर्व दिले, लोकच आले नाहीत’ असे म्हणायला आपण मोकळे! मेहता समितीने १९५७ साली दाखविलेली उणीव नव्या कागदावर पुन्हा अशीच उमटते. ह्या पद्धतीच्या मार्गदर्शिकांत एक नियम आहे : एखादे गृहीत महत्त्वाचे असेल आणि ते खरे ठरण्याचा संभव कमी असेल, तर योजना बदला, बदलता येत नसेल तर सोडून द्या. हा नियम पाळून योजना सोडून देणाऱ्याचा सत्कार मात्र कोठे झालेला ऐकिवात नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. सगळी संकटे आधीच मोजत बसलो तर मोठे काम कोणी हाती घेईल काय? अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन ह्यांनी १९६७ साली, म्हणजे चौकटीच्या जन्मापूर्वीच, हा मुद्दा मांडला होता. त्यांचे उदाहरण कर्णफुली नदीवरील कागद गिरणीचे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, चितगावच्या डोंगराळ भागातील बांबूच्या भरवशावर ती गिरणी उभारली. ती चालू झाल्यावर काही वर्षांतच बांबूला फुलोरा आला, आणि फुललेला बांबू वाळून जातो हे आपणांस ठाऊक आहेच. कच्चा मालच नाहीसा झाला. परंतु चालकांनी नदीनाल्यांच्या मार्गाने दूरदूरचा बांबू गोळा केला, बाहेरून लगदा आणला, लवकर वाढणाऱ्या इतर झाडांचा शोध सुरू केला, आणि गिरणी तगली. संकट आधी कळले असते तर गिरणी झालीच नसती, आणि ह्या युक्त्याही सुचल्या नसत्या, असे हर्शमन म्हणतात.

हे मान्य करूनही माझे म्हणणे ढळत नाही. कर्णफुलीला बांबू संपल्यावर वाट बदलता आली. कोंग्व्याला पावसाने दगा दिल्यावर जी वाट सापडली ती माघारीची होती. चौथा रकाना भविष्य सांगण्यासाठी नसतो. आपण कशाच्या आधारावर उभे आहोत हे लिहून ठेवावे, म्हणजे तो आधार हलू लागला की प्रथम तिकडे नजर जाते, एवढाच त्याचा उपयोग. त्यासाठी चौकट पेन्सिलीने भरलेली असावी, आणि ती खोडण्याचा अधिकार जमिनीवरच्या माणसाला असावा.

आपल्या देशात २००५ पासून केंद्राच्या अंदाजपत्रकाबरोबर परिणामांचेही अंदाजपत्रक मांडले जाऊ लागले. कर्व्यांनी जिचा पाया घातला ती मूल्यमापन संघटना २०१५ साली नीती आयोगाच्या नव्या मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. खूण, पुरावा, फलित हे शब्द आता कचेऱ्यांत रुळले आहेत. ही प्रगती आहेच. पण शब्द रुळले म्हणजे प्रश्न विचारले जातात असे नव्हे, आणि प्रश्न विचारण्याचे काम केवळ कचेरीचेही नव्हे.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी नगरपालिकेत असतील, कोणी एखाद्या शाळेच्या समितीवर, कोणी सहकारी संस्थेत. आपणांपैकी प्रत्येकासमोर कधी ना कधी एखादी योजना संमतीसाठी येते. तेव्हा सोळा घरे आखण्याची गरज नाही. चार प्रश्न पुरेत. ह्यामुळे कोणाच्या जगण्यात काय फरक पडेल? तो पडला हे कशावरून ओळखू? पुरावा कोण आणील? आणि चौथा : हे सारे घडायला आणखी काय खरे असावे लागेल, आणि ते आपण कोणाला विचारले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा तयार असतात. चौथ्याला सभेत थोडी शांतता पसरते. ती शांतता लवकर मोडू देऊ नका. नीरेकाठच्या खारवट जमिनी आणि कोंग्व्याची विटेसारखी झालेली माती ह्यांचे उत्तर त्याच शांततेत होते.